पत्त्यांच्या कॅटमध्ये दहा आज्ञा

‘मी मंडळीच्या संडे स्कूलमध्ये दहा ते तेरा वर्षांच्या चौदा मुलांना शिकवते. दहा आज्ञा पाठ करून घेताना मुलं कंटाळतात, क्रम तर हमखास चुकवतात. एक सैनिक चर्चमध्ये पत्ते मांडून बसतो आणि प्रत्येक पानाचा पवित्र शास्त्राशी संबंध सांगतो, ही गोष्ट वाचनात आली. तेव्हापासून पत्त्यांवरून आज्ञा शिकवाव्यात असं मनात आहे. पण मंडळीतले एक ज्येष्ठ वडील ऐकताच म्हणाले, “पत्ते म्हणजे सैतानाचं पुस्तक. देवाच्या घरात नकोत.” पाळकांनी मला नीट विचार करून यायला सांगितलं आहे. पत्ते खेळणं आज्ञांच्या विरुद्ध आहे का? नसेल, तर शिकवायचं कसं? आणि एक घरगुती प्रश्न. आम्ही नवरा-बायको आणि दीर-जाऊ अधूनमधून थोडे पैसे लावून रमी खेळतो. त्याचं काय?’

प्रिय ताई, सलाम.

तुमचा मधला प्रश्न सगळ्यात कामाचा आहे आणि उत्तराचा बराचसा भाग त्यालाच जाणार आहे. पण मंडळीतल्या त्या वडिलांचं म्हणणं बाजूला सारून पुढे गेलात तर तुमचा खेळ पहिल्याच रविवारी बंद पडेल. म्हणून आधी ते.

पवित्र शास्त्रात पत्त्यांचा उल्लेख नाही, असू शकतही नाही. युरोपात पत्ते पोचले तेच चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १३७७ मध्ये फ्लॉरेन्स शहराने पत्त्यांच्या खेळाविरुद्ध हुकूम काढला. गंमत अशी, की त्याच वर्षी राइनफेल्डनचे योहान नावाच्या एका डॉमिनिकन धर्मबंधूंनी पत्त्यांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. राजापासून खालच्या पानापर्यंत प्रत्येकाचं कर्तव्य काय, माणसाने समाजात कसं वागावं, हे त्यात पत्त्यांच्या आधाराने मांडलं आहे. म्हणजे तुमच्या मंडळीतले ते वडील आणि तुम्ही, दोघांची बाजू मांडणारी माणसं साडेसहाशे वर्षांपूर्वीही होती. पुढे १४५२ मध्ये न्यूरेंबर्गला योहान कपिस्त्रानो या फिरत्या धर्मप्रवचनकारांच्या प्रवचनानंतर लोकांनी पत्ते, फासे, सोंगट्यांचे पट चौकात आणून जाळले. वडिलांचा सूर त्या परंपरेतला आहे. तो काही त्यांनी स्वतःच्या मनाने काढलेला नाही.

त्या विरोधामागे दोन वेगळी कारणं असतात आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत. एक जुगाराचं. ते सरळ आहे, त्याकडे पुढे येऊ. दुसरं जरा खोल आहे. जुन्या करारात चिठ्ठ्या टाकून देवाचा निर्णय विचारत. यहोशवाने वतनाची जमीन चिठ्ठ्या टाकून वाटली, योनाच्या तारवावरच्या खलाशांनी चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाची निवडही तशीच झाली. नीतिसूत्रे १६:३३ म्हणतं, की चिठ्ठ्या पदरात टाकल्या तरी निर्णय परमेश्वराकडून येतो. यावरून विल्यम पर्किन्स, विल्यम एम्स अशा प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधल्या कडक प्रॉटेस्टंट, विचारवंतांनी असा मुद्दा काढला, की नशिबावर चालणारा खेळ म्हणजे देवाचा निवाडा करमणुकीसाठी वापरणं. हे तिसऱ्या आज्ञेला (परमेश्वराचं नाव व्यर्थ घेऊ नको) धरून केलेलं गंभीर विवेचन होतं, नुसता सोवळेपणा नव्हे. त्यांच्यातल्याच थॉमस गॅटेकर यांनी १६१९ मध्ये त्याला उत्तर दिलं. चिठ्ठी म्हणजे दरवेळी देवाला विचारलेला प्रश्न नसतो; माणूस तसा हेतू धरतो तेव्हाच तो प्रश्न होतो. माझ्या मते गॅटेकर बरोबर होते. पत्ते पिसणारा माणूस प्रार्थना करत नसतो आणि ‘मला राजा का आला नाही’ हे गाऱ्हाणं कोणी देवाकडे घेऊन जात नाही. गेलाच, तर त्याने खेळ थांबवावा हे उत्तम.

भविष्य पाहण्याची गोष्ट मात्र वेगळी आणि तिथे तडजोड नको. अनुवाद १८:१० मध्ये शकुन आणि दैवप्रश्न स्पष्ट मना आहेत. टॅरोची पानंसुद्धा पंधराव्या शतकात इटलीत खेळण्यासाठीच निघाली होती, त्यांच्यावरून भविष्य सांगण्याचं खूळ अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये वाढलं. वर्गात मुलं गमतीने ‘राणी आली तर मी पास’ करू लागतात. ते तिथेच थांबवा, पण ओरडून नाही.

आता खेळ आणि आज्ञा. पानं कागदाची. आज्ञा मोडते ती पानांवर नाही, खेळणाऱ्यांच्या मध्ये मोडते. चौथी आज्ञा विश्रांतीच्या दिवसाची आहे. उपासना चुकवून डाव मांडला तर तिचा प्रश्न येतो, जेवणानंतर अर्धा तास घरच्यांबरोबर बसलात तर कुणाचा काय बिघाड? पाचवी आईबापांचा मान राखण्याची. मुलाच्या घरी पत्ते चालत नसतील, तर तुमच्या वर्गासाठी त्याने आईबापांशी खोटं बोलायची वेळ येऊ नये. म्हणून खेळ सुरू करण्याआधी पालकांना सांगा. पहिली आज्ञा, दुसरे देव न मानण्याची, कुठे येते ते पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात (६:१२) एका ओळीत सांगितलं आहे: सगळ्या गोष्टींची मोकळीक असली, तरी मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही.

नवव्या आज्ञेवर मात्र थांबायला हवं, कारण मुलं तिथेच तुम्हाला पकडतील. ‘चॅलेंज’ खेळताना हातात छक्की असून ‘दोन एक्के’ म्हणून पानं उलटी टाकतात. मग ही खोटी साक्ष झाली का? नाही. आज्ञेतला शब्द न्यायसभेतला आहे: शेजाऱ्याविरुद्ध, त्याचं नुकसान होईल अशी साक्ष. चॅलेंजमध्ये समोरच्याला आधीच माहीत असतं, की इथे थाप मारायची मुभा आहे. तोही मारणार असतो. सगळ्यांनी मान्य केलेल्या नियमात कोणी फसवला जात नाही. फसवणूक होते ती नियमाबाहेर. पान मांडीखाली लपवणं, भिडूला डोळ्याने खूण करणं, रंग हातात असून ‘रंग नाही’ म्हणून हुकूम मारणं, गुण लिहिताना दोनचे सात करणं. हा फरक मुलांना बारकाईने समजावून द्या. त्यांना तो मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. तरीही दहा वर्षांच्या मुलांना दहा आज्ञा शिकवताना थापांचा खेळ निवडू नये. त्यात पाप आहे म्हणून नव्हे, तर शिकवायचं एक आणि हाताला सवय दुसरी, असं होतं म्हणून.

तर मग तुमची सैनिकाची गोष्ट. ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात सापडते, एकोणिसाव्या शतकात ती पैशा-दोन पैशांच्या चोपड्यांतून फिरली आणि १९४८ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डवर येऊन जगभर गेली. एक्का म्हणजे एक देव, दुर्री म्हणजे दोन करार, तिर्री त्रैक्य, चारचं पान चार शुभवर्तमानं, पंजी पाच शहाण्या कुमारी, छक्की निर्मितीचे सहा दिवस, सत्ती विश्रांतीचा दिवस, अठ्ठी नोहाच्या तारवात वाचलेले आठ जण, नव्वी आभार न मानता गेलेले नऊ कुष्ठरोगी, दश्शी दहा आज्ञा. गोष्ट सुरेख आहे. पण तुमच्या कामासाठी तिच्यात एक मोठा अडथळा आहे आणि तो शिकवायला बसल्यावरच लक्षात येतो: तिचे आकडे आज्ञांच्या आकड्यांशी भांडतात. गोष्टीत सत्ती विश्रांतीचा दिवस, आज्ञांत विश्रांतीचा दिवस चौथा आणि सातवी व्यभिचाराची. गोष्टीत छक्की निर्मितीची, आज्ञांत सहावी खुनाची. दोन्ही एकाच महिन्यात सांगितलंत, तर ‘सातवी आज्ञा कोणती?’ याला निम्मा वर्ग ‘शब्बाथ’ म्हणेल आणि त्यात चूक त्यांची नसेल. आज्ञा पक्क्या होईपर्यंत ही गोष्ट सांगूच नका.

तीच गोष्ट चित्रांच्या पानांची. रेकॉर्डवरच्या गोष्टीत राणी म्हणजे मरिया आणि गुलाम म्हणजे सैतान. जुन्या आवृत्तीत राणी ही शलमोनाची बुद्धी ऐकायला आलेली शबाची राणी आहे आणि गुलाम कोण, तर सैनिकाला पकडून आणणारा शिपाई! ती जुनी थट्टा मला जास्त आवडते. गुलामाला सैतान ठरवलंत, की पुढच्या डावात हातात गुलाम आलेलं मूल खूश होतं आणि कितीतरी खेळांत गुलाम सगळ्यात वरचढ असतो. धडा तिथेच उलटतो. कॅटवरचे ठिपके ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस, हेही मुलांना सांगण्याआधी मोजून पाहा. एक्क्यापासून दश्शीपर्यंत एका रंगात ५५ ठिपके, चार रंगांत २२०. गुलाम ११, राणी १२, राजा १३ धरले तर एका रंगाचे ९१, चारांचे ३६४. ३६५ व्हायला जोकर लागतो. तेरा वर्षांचं एखादं मूल हे फळ्यावर मांडून दाखवेल आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही शंका घेईल.

म्हणून चित्रांची बारा पानं आणि जोकर बाजूला काढा. उरतात चाळीस. दहा आज्ञा, चार रंग. हा हिशेब कॅटमध्ये आयता आहे आणि तुमचा सगळा खेळ त्याच्यावर उभा राहील: प्रत्येक आज्ञेची चार पानं आणि चारी पानांवर त्या आज्ञेची वेगळी बाजू.

इस्पिकवर आज्ञेचे शब्द. फ्रेंचमध्ये या चिन्हाला भाल्याचं नाव आहे आणि इफिसकरांस पत्रात (६:१७) देवाच्या वचनाला आत्म्याची तलवार म्हटलं आहे, तेवढा धागा पुरे. बदामवर नव्या करारातलं वचन. बदाम हा आकार हृदयाचा आणि यिर्मया ३१:३३ मध्ये परमेश्वर म्हणतो, की मी माझं नियमशास्त्र त्यांच्या हृदयावर लिहीन. चौकटवर रोजच्या जगण्यातला प्रसंग. इथे आपल्या भाषेने तुमच्यासाठी भेट ठेवली आहे. अनुवाद ६:९ मध्ये या आज्ञा दाराच्या चौकटींवर लिहायला सांगितल्या आहेत आणि आपण या पानाला चौकटच म्हणतो. मुलं हे कधी विसरत नाहीत. किलवरवर शास्त्रातली घटना. किलवरसाठी असला धागा ओढूनताणून शोधू नका. तीन रंगांचं जमलं, चौथ्याचं नाही, काही बिघडत नाही.

लिहिण्याआधी एक निर्णय घ्यायचा आहे आणि तो पाळकांना विचारूनच घ्या: आज्ञांचा क्रमांक कोणता? निर्गम २० मध्ये आज्ञांना आकडे नाहीत. त्या ‘दहा’ आहेत एवढं निर्गम ३४:२८ आणि अनुवाद ४:१३ वरून कळतं. कुठे तोडून दहा करायच्या ते परंपरा ठरवतात. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत मूर्तीची आज्ञा दुसरी, आईबापांची पाचवी, लोभाची एकच दहावी. कॅथलिक आणि लूथरन परंपरेत मूर्तीचा भाग पहिल्या आज्ञेतच येतो, मग परमेश्वराचं नाव दुसरं, विश्रांतीचा दिवस तिसरा, आईबाप चौथे. शेवटी लोभाच्या दोन आज्ञा होतात: कॅथलिकांत शेजाऱ्याच्या बायकोची नववी आणि मालमत्तेची दहावी, लूथरनांत शेजाऱ्याच्या घराची नववी आणि बायको, चाकर, गुरंढोरं यांची दहावी. यहुदी लोक ‘मी परमेश्वर तुझा देव आहे’ हेच पहिलं वचन मानतात. वर्गात एखादं मूल दुसऱ्या परंपरेतल्या आजोळाहून शिकून आलेलं असतं आणि तुम्ही त्याला ‘चूक’ म्हणता. ते चुकलेलं नसतं. मी या उत्तरात सगळीकडे पहिला क्रम धरला आहे. तुमचा दुसरा असेल तर पानं सरकवा.

बदामची वचनं अशी घेता येतील: पहिलीला मत्तय ४:१०, दुसरीला योहान ४:२४, तिसरीला प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ मत्तय ६:९, चौथीला मार्क २:२७, पाचवीला मत्तय १५:४, सहावीला मत्तय ५:२१-२२, सातवीला ५:२७-२८, आठवीला इफिसकरांस ४:२८, नववीला मत्तय ५:३७, दहावीला लूक १२:१५. पूर्ण वचन पानावर मावत नाही. एक ओळ आणि संदर्भ लिहा. किलवरसाठी घटना: कर्मेल डोंगरावर एलीया, सोन्याचं वासरू, येशूचं नाव मंत्रासारखं वापरणारे स्किवाचे मुलगे, सातव्या दिवशी मान्ना गोळा करायला जाऊन रिकाम्या हाती परतलेले लोक, वधस्तंभावरून आईला शिष्याच्या हवाली करणारा येशू, काइन आणि हाबेल, पोटीफराच्या घरातून पळालेला योसेफ, यरीहोच्या लुटीतला माल लपवणारा आखान, नाबोथावरचा खटला, आणि दहावीला त्याच नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर डोळा ठेवणारा अहाब राजा.

चौकटची दहा पानं तुम्हीच लिहा, कारण तुमची मुलं तुम्हाला ठाऊक. प्रसंग छोटे आणि थोडे बोचणारे असू द्या. तिसरीला, ‘देवाशपथ, मी नाही घेतलं’ आणि वस्तू खिशातच. चौथीला, घरात सगळ्यांना सुट्टी, आईला मात्र नाही (निर्गम २०:१० मध्ये विश्रांती चाकरांना आणि गुराढोरांनाही दिली आहे, हे मुलांना नवीन असतं). सहावीला, एकाच मुलाला रोज सगळ्यांनी मिळून चिडवणं. नववीला, न पाहताच ‘काच त्यानेच फोडली’ म्हणणं. दुसरीला, गळ्यातला क्रूस परीक्षेत ‘लकी’ म्हणून धरणं. सातवीच्या पानावर जपून. इस्पिकवर आज्ञेचे शब्द आहेत तसेच ठेवा, पण प्रसंग ‘लग्नात दिलेला शब्द पाळणं’ या बाजूने लिहा आणि वर्गात मोडलेल्या घरातलं एखादं मूल असू शकतं, हे लिहिताना डोळ्यासमोर ठेवा. ‘असं करणारे आईबाबा वाईट’ असा वास त्या पानाला येता कामा नये.

पानं बनवणं. छापील कॅटवर स्केचपेनने लिहू नका. गुळगुळीत पृष्ठभागावर शाई पुसली जाते. चिकटपट्ट्या लावल्या तर कॅट दुप्पट जाड होतो आणि पिसताना पानं अडकतात. सरळ कोऱ्या जाड कागदाची करा, २५० ते ३०० जीएसएमचा. पानाचा आकार ६३ बाय ८८ मिलिमीटर धरलात, तर ए-फोर कागदावर तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ पानं बसतात. चाळीसांना पाच कागद आणि पाच पानं शिल्लक. ती टाकू नका, एखादं पान हरवणारच. पातळ कागद घेतला तर उजेडात मागून अक्षरं दिसतात आणि खेळ संपतो. पाठीमागे पूर्ण गडद रंग छापून घेतला तर उत्तम. कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरे दोन रविवारांत दुमडतात आणि दुमडलेलं पान मुलं पाठीवरून ओळखतात. चौदा मुलांचे तीन गट होतील, पाच, पाच आणि चार. म्हणजे तीन संच, पंधरा कागद. आकडा दोन कोपऱ्यांत मोठा लिहा, म्हणजे हातात पंखा धरल्यावर दिसेल.

खेळ असा. पाच जण असतील तर प्रत्येकी पाच पानं वाटा, चार असतील तर सहा. उरलेली पानं मध्ये उलटी. ज्याची पाळी, तो एका भिडूचं नाव घेऊन एक पान मागतो. मागण्याला दोन अटी. त्या आज्ञेचं निदान एक पान आपल्या हातात हवं, आणि आज्ञा आकड्याने नाही, शब्दांनी मागायची: ‘आपल्या आईबापांचा मान राख, याचं बदाम तुझ्याकडे आहे का?’ असेल तर समोरच्याने द्यायचं. मागणाऱ्याने ते मोठ्याने वाचायचं आणि पुन्हा मागायचं. नसेल तर ‘नाही’, मधलं एक पान उचलायचं, पाळी पुढे. चारी पानं जमली, की आज्ञेचा आकडा सांगून खाली मांडायची. आकडा चुकला तर पानं हातातच राहतात, पुढच्या पाळीला पुन्हा प्रयत्न. वीस मिनिटांत डाव संपला नाही तरी थांबवा.

शब्दांनी मागायची अट ढिली पडू देऊ नका. पहिल्या दहा मिनिटांत मुलं ‘पाचचं बदाम’ म्हणू लागतात, कारण ते सोपं आहे. मग हा नुसता आकड्यांचा खेळ होतो. अडखळणाऱ्याला इस्पिकचं पान हातात असेल तर बघून वाचू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी ते बघणं आपोआप सुटतं. आठवी आणि दहावीची गल्लत होते, चोरी आणि लोभ दोन्ही ‘दुसऱ्याचं’ म्हणून. तेव्हा विचारा: आठवी हाताने मोडते, दहावी कशाने?

जिंकणाऱ्याला चॉकलेट देऊ नका. बक्षीस ठेवलं, की पान असून ‘नाही’ म्हणण्याचा मोह वाढतो. बक्षीस नसतानाही कोणी तरी म्हणेलच. हा खेळ शब्दावर चालतो, कोणाच्या हातात काय आहे ते तपासता येत नाही, पण पानं शेवटी मांडावी लागतात आणि लपवलेलं पान उघडं पडतं. तेव्हा त्या मुलाला चारचौघांत उभं करू नका. ‘डाव फिसकटला, परत वाटूया’ एवढंच म्हणा. टेबलाभोवतीच्या बाकी चार जणांचा चेहरा त्याला पुरेसा असतो. दहा आज्ञांमधली नववी तुम्ही फळ्यावर लिहून जितकी शिकवाल, त्यापेक्षा ती त्या मिनिटात जास्त पोचते.

आज्ञा आणि क्रम बसले, साधारण चौथ्या-पाचव्या रविवारी, की बाजूला ठेवलेली चित्रं काढा. राजे पहिले पुस्तक, अध्याय २१ वाचा. राजा अहाब, राणी ईजबेल, दोन गुलाम म्हणजे नाबोथावर आळ घेणारे दोन भाडोत्री साक्षीदार. नाबोथासाठी एक कोरं पान. त्याला पत्त्यांत जागा नाही आणि त्या गावातही उरली नाही. मग मुलांना सांगा, गोष्टीत आज्ञा ज्या क्रमाने मोडल्या त्या क्रमाने पानं लावा. आधी दश्शी. पण कुठे? अहाबाने मळा मागितला, बदल्यात चांगला मळा किंवा मोल देऊ केलं, तोपर्यंत काही मोडलं नव्हतं. नाबोथाने वाडवडिलांचं वतन म्हणून नकार दिल्यावर राजा तोंड फिरवून, न जेवता बिछान्यावर पडला, दश्शी तिथे पडते. मग राजाच्या मोहरेची पत्रं आणि खोटे साक्षीदार: नव्वी. आरोप काय, तर नाबोथाने देवाला आणि राजाला शाप दिला. देवाचं नाव खोट्या कामाला जुंपलं: तिर्री. दगडमार: छक्की. मळ्याचा ताबा: अठ्ठी. दहा, नऊ, तीन, सहा, आठ. कोणी पाचवीही घालेल, वाडवडिलांचा मान म्हणून. घालू द्या, वाद होऊ द्या. याला पाऊण तास राखून ठेवा.

आता तुमची घरची रमी. पैसे लावलेल्या डावात एकाचं जितकं वाढतं, तितकंच दुसऱ्याचं घटतं. नवीन काही निर्माण होत नाही. आठव्या आणि दहाव्या आज्ञेचा प्रश्न इथे येतो आणि मंडळ्यांची उत्तरं वेगळी आहेत. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २४१३) म्हणतो, की पत्ते किंवा पैज मुळात अन्याय्य नाहीत; स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचे पैसे त्यात जाऊ लागले की त्या अयोग्य ठरतात, आणि जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते. प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या १६४७ च्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत उधळपट्टीचा खेळ आठव्या आज्ञेने मना केलेल्या गोष्टींत धरला आहे. मेथडिस्ट परंपरा जुगाराच्या कडक विरोधात राहिली आहे. तुमच्या मंडळीची भूमिका पाळकांना विचारा आणि शिक्षिका म्हणून तीच पाळा.

भूमिका काहीही निघाली, तरी एक परीक्षा घरच्या घरी करता येते. पुढचे चार डाव पैशांशिवाय, नुसत्या गुणांवर खेळा. तेवढीच मजा आली तर पैशांची गरज नव्हती, सोडून द्या. कोणी यायचंच बंद झालं किंवा दुसऱ्याच डावाला ‘अशात काय राम आहे’ म्हणू लागलं, तर तुम्ही रमी खेळत नव्हता, पैसे खेळत होता. आणखी दोन खुणा: रक्कम हळूहळू चढते आहे का, आणि दरवेळी तोच एक माणूस हरतो का? हरणारा जर दीर असेल आणि जाऊबाई गप्प असतील, तर त्या गप्प का आहेत ते एकट्यात विचारा. उधारीवर डाव तर कधीच नको.

मंडळीतल्या वडिलांकडे जाताना हे सगळं सांगू नका. आधी विचारा, की पत्त्यांचं त्यांनी काय पाहिलं आहे. ‘सैतानाचं पुस्तक’ म्हणणाऱ्या माणसाने बऱ्याचदा एखादं घर जुगारात गेलेलं पाहिलेलं असतं, कधी स्वतःचंच. मंडळीत जुगारातून बाहेर पडलेला कोणी असेल, तर त्याला दारातून कॅट दिसणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल दोघांनाही धरतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, आणि भावाच्या वाटेत अडखळण ठेवू नये. चाळीस पानांचा संच त्यांच्यासमोर ठेवा, एक डाव त्यांच्याबरोबर खेळा. तरीही मन मानत नसेल, तर इस्पिक-बदाम पुसून टाका. चार रंग घ्या, लाल, पिवळा, हिरवा, काळा, आणि एक ते दहा आकडे. हा उपायही नवा नाही. राजा-राणीचे पत्ते नको असलेल्या ख्रिस्ती घरांना चालतील असे नुसत्या आकड्यांचे आणि रंगांचे पत्ते अमेरिकेत १९०६ मध्ये ‘रूक’ या नावाने निघाले आणि खूप खपले. खेळाचे नियम अजिबात बदलत नाहीत. फक्त चौकटीची गंमत जाते, तेव्हा पिवळ्या पानावर कोपऱ्यात एक छोटं दार काढा.